तीन चिंचोक्यांची खिडकी

फार वर्षांपूर्वी, डोहगावच्या टेकडीवरच्या वडाला अजून एकही पारंबी फुटली नव्हती तेव्हा, या गावात हौसा नावाची एक बाई राहत होती. तिची गोष्ट गावातले म्हातारेही सांगतात, पण ते मधला भाग गाळतात. पूर सांगतात, काहील सांगतात आणि मग एकदम खोकला येतो त्यांना. इथे काही गाळायचं नाही. लहान असाल तर पुढे सरका, मोठे असाल तर मध्ये बोलू नका.

हौसा ही भैरू गुळव्याची बायको. उसाच्या दिवसांत भैरू गुऱ्हाळावर गूळ शिजवायचा आणि उरलेलं वर्ष लोकांच्या रानात राबायचा. घरात त्याची आई तायाक्का होती आणि सातवं वर्ष सरत आलेली लेक बनी होती. घर मातीचं, खालच्या आळीच्या टोकाला, नदीच्या अगदी अंगाशी.

तेव्हा डोहगावात तीन आळ्या होत्या, सत्तावीस घरं होती आणि सत्तावीस स्वयंपाकघरं होती. त्यातल्या एकाही स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. सोप्याला खिडकी होती, कारण सोप्यात पुरुष बसायचे. गोठ्यालासुद्धा झरोका होता, कारण बैलाला कोंदटल्यासारखं होतं. पण चुलीवर परक्याची नजर पडली की घरातली बरकत जाते, असं गावातल्या थोर माणसांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. ठरवणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात चूल पेटवली नव्हती.

तायाक्काचे डोळे त्या धुरात गेले. आधी लाल झाले, मग त्यांतून पाणी गळायला लागलं, मग दुधावर धरावी तशी साय धरली आणि मग काहीच दिसेना. हौसाचे डोळे लाल झाले होते. आणि मुलीला आठवं वर्ष सरलं की तिला चुलीपाशी बसवायचं, अशी गावाची रीत होती. बनीचं आठवं सरायला वर्षाहून थोडेच जास्त दिवस उरले होते.

म्हणून हौसा बाजी पाटलांकडे गेली. पाटील सोप्यात खिडकीशी बसले होते. वाऱ्याने त्यांच्या मिशा हलत होत्या.

"पाटील, माझ्या सैपाकघराला एक खिडकी पाडू द्या. पोरीचे डोळे वाचतील."

"सूनबाई," पाटील म्हणाले, "आमच्या आया-आज्या ह्याच धुरात रांधत आल्या. त्या काय मेल्या?"

"मेल्या न्हाईत. आंधळ्या झाल्या."

शेजारी दौलूतात्या चिलीम ओढत बसले होते. ते गावातल्या पुरुषांत सर्वांत जुने आणि त्यामुळे सर्वांत शहाणे समजले जात. ते म्हणाले, "लई बोलतीस गं तू! आज खिडकी मागतीस, उद्या पारावर बसायला जागा मागशील."

"मागीन की, तात्या. पण आधी खिडकी."

खिडकी मिळाली नाही. उलट पाटलांनी भैरूला बोलावून सांगितलं, की मागच्या भिंतीला एवढंसं जरी भोक दिसलं तरी घरासकट वेशीबाहेर जाशील. भैरू मान खाली घालून घरी आला. हौसाने चूल पेटवली, पदराने डोळे पुसले आणि भाकरी थापली.

बनीकडे एक लाकडी ठकी होती. रंग उडालेली, हात-पाय नसलेली, पण बनीला ती जिवंत वाटायची. त्याच आठवड्यात बनी म्हणाली, "आई, माझ्या ठकीला घर पायजे."

"कसं घर?"

"आपल्यासारखं. सगळं असलेलं."

हौसाने त्या दिवशी घरात जे टाकायचं ते टाकलं नाही. जोंधळ्याच्या ताटांचा भेंडा काढून तिने भिंती उभ्या केल्या आणि त्यांना बाहेरून चिखल लिंपला. आढ्याला खराट्याच्या काड्या लावल्या, वर उसाचं पाचट शाकारलं आणि डिंकाने पक्कं बसवलं. मग आतलं सामान करायला घेतलं. झिजलेल्या खराट्याच्या चार जाड काड्यांची बाज केली आणि जुन्या लुगड्याचे दोरे काढून ती विणली. कवठाच्या अर्ध्या करवंटीचा पाळणा केला. रिठ्यांच्या बिया काढून पोकळ रिठ्यांच्या घागरी केल्या. उतरंडीला खाली रिठा, त्यावर बोराची आठळी, त्यावर करडीचा दाणा आणि सर्वांत वर एक लालभडक गुंज ठेवली. सुपारी कोरून उखळ झालं आणि बाभळीच्या काट्याचं मुसळ झालं. तायाक्काच्या मोडक्या लाकडी फणीचे दात देवघराचे गज झाले. आरसा हवा म्हणून बनीने ओढ्यातून अभ्रकाचा एक पापुद्रा आणून दिला.

हौसाला मोजमाप फार प्रिय. डोळ्यांत पाणी असलं की अंदाज चुकतो, म्हणून ती सगळं मोजायची. खऱ्या घरातला एक हात म्हणजे बाहुलीच्या घरातला एक चिंचोका, असा तिचा हिशोब होता. सोपा सात हात असेल तर सात चिंचोके ओळीने मांडायचे आणि तेवढाच सोपा करायचा. कमी नाही, जास्त नाही.

सगळं झालं आणि एक अडचण आली. छप्पर तर बसलं होतं आणि स्वयंपाकघर अगदी मागे होतं. पुढच्या दारातून बोटं सोप्यापर्यंत जायची, फार तर माजघरापर्यंत. चूल मांडायला हात पोचेना. मग हौसाने सुरी घेतली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला एक भोक पाडलं. तीन बोटं जुळवून आत जातील एवढं. तीन चिंचोके रुंद, दोन चिंचोके उंच. त्यातून तिने चूल मांडली, जातं मांडलं, उतरंड रचली. हात जाईना म्हणून भोक पाडलं, असं म्हणतात. काही बाया म्हणतात, हात जाईना हे नुसतं निमित्त. हौसाला कोणी विचारलं तर ती हसायची आणि सुरी पुसून ठेवायची.

बनीचं घर बघून आळीतल्या पोरी आल्या. मग वरच्या आळीतल्या आल्या. सगळ्यांना आपापलं घर हवं होतं. हौसाने एकच अट घातली. ज्या घराची बाहुली, त्याच घरातलं टाकलेलं सामान आणायचं. पाटलाच्या घरातली चिंधी कुंभाराच्या घरात चालायची नाही आणि कुंभाराचं खापर पाटलाच्या घरात चालायचं नाही. पोरी ओच्यात भरून आणू लागल्या. फुटक्या बांगड्या, तुटकी पणती, गोधडीचे कोपरे, सुपाच्या कडा, जुन्या घोंगडीची लोकर. पुरुष रानात गेले की बायका हौसाला घरात घ्यायच्या आणि ती गाठी मारलेली दोरी घेऊन उंबऱ्यापासून परसापर्यंत सगळं मोजायची. पाटलीणबाईंनी पाटलांच्या जुन्या पागोट्याची जरीची किनार दिली, तिचा गालिचा झाला. दौलूतात्यांची चिलीम फुटली तेव्हा त्यांच्या सुनेने तिचं बूड हळूच हौसाला आणून दिलं. त्याचं छान उखळ झालं.

वर्षभरात सत्तावीस घरं झाली. मोडक्या बैलगाडीच्या तीन फळ्यांवर हौसाने तीन आळ्या मांडल्या. मधल्या वाटा मोजल्या, विहीर मांडली, पार मांडला. प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीला तीन चिंचोके रुंद आणि दोन चिंचोके उंच भोक होतं.

त्या गावात नवल घडायचं, असं म्हणतात. पाटलांच्या बाहुलघरातल्या गुंजेएवढ्या मडक्यात थेंबभर पाणी ठेवलं तर ते उन्हाळाभर आटायचं नाही. मुंग्या रांगेने येऊन जात्याचा खुंटा ओढायच्या आणि जात्याखाली पीठ साचायचं. एकदा बनीने ठकीच्या चुलीवर तांदळाचा एक दाणा शिजवला आणि त्यावर चिमण्यांचा एक अख्खा थवा जेवून गेला, असंही म्हणतात. पण पारावरची मंडळी हसायची. भैरू समोरून गेला की दौलूतात्या म्हणायचे, "काय भैरू, बायकोनं तुला कुठल्या घरात ठेवलाय? ह्या का त्या?"

मग श्रावणात पूर आला.

आठ दिवस पाऊस थांबला नाही. नवव्या दिवशी सकाळी नदी खालच्या आळीत शिरली आणि बघता बघता उंबऱ्यांवर चढली. लोक टेकडीकडे धावले. कोणी देव उचलले, कोणी शेळ्या, कोणी धान्याची पोती. भैरूने परसात पालथी घातलेली गुळाची काहील सरळ केली. एवढी मोठी लोखंडी काहील, दोन माणसं आडवी झोपतील अशी. पुरात हीच आमच्याकडे नाव होते. त्याने आईला आत बसवलं, बनीला आत बसवलं. हौसा घरातून तीन फळ्या घेऊन आली आणि तिने त्या काहिलीच्या काठांवर आडव्या ठेवून दोराने आवळल्या. खाली माणसं, वर गाव.

वरच्या वाटेने दौलूतात्यांची गाडी चालली होती. ते गाडीतूनच ओरडले, "अगं ए खुळे, धान्य घे! चिंध्या कसल्या घेतीस?"

हौसा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ती म्हणाली, "धान्य पुढच्या साली पिकंल, तात्या. गाव पिकत न्हाई."

एका बाजूने भैरूने आणि दुसऱ्या बाजूने हौसाने काहिलीचा काठ धरला आणि दोघं पोहत निघाले. डोहाशी भोवरा होता. तिथे काहील तीनदा गरगर फिरली, असं म्हणतात, आणि तिसऱ्या फेरीला भोवराच दमून थांबला. वाहून आलेले ओंडके बाजूला सरले. फणा काढून पोहणारे साप वाट देऊन गेले. पाणी काठापर्यंत आलं, पण आत एक थेंब पडला नाही. तायाक्का सारा वेळ दोन्ही हातांनी वरच्या फळ्या धरून बसली होती. टेकडीला काहील लागली तेव्हा उतरंडीवरची एक गुंजसुद्धा हलली नव्हती.

पंधरा दिवस गाव टेकडीवर खंडोबाच्या देवळात राहिलं. पाणी ओसरलं आणि लोक खाली बघू लागले. खाली गाव नव्हतं. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या, लाकूडफाटा वाहून गेला होता आणि कमरेएवढा गाळ सगळीकडे सारखा पसरला होता. कुठली आळी, कुठला पार, काही कळेना.

आणि मग भांडणं सुरू झाली. ज्याचं घर सहा हात होतं तो दहा हात म्हणू लागला. दोघे सख्खे भाऊ एकाच तुळशीवर हक्क सांगू लागले. वाटेची जागा तर कोणीच सोडेना, गाव बांधलं असतं तर सगळ्यांना छपरावरून चालावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी काठ्या निघाल्या. एकाचं डोकं फुटलं. ज्यांच्या शब्दाला गाव मान द्यायचं ते म्हातारेच सर्वांत मोठ्याने ओरडत होते, कारण सर्वांत जास्त जमीन त्यांनाच हवी होती.

हौसा देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "कशापायी डोकी फोडताय? गाव माझ्यापाशी हाय."

आधी हसू उठलं. दौलूतात्या म्हणाले, "आता बाहुल्यांच्या खेळावर गाव बसवायचं का?"

हौसाने तीन फळ्या देवळाच्या फरशीवर आणून मांडल्या. हसू हळूहळू कमी झालं. कारण लोक वाकून बघायला लागले होते आणि बघता बघता आपली घरं ओळखायला लागले होते. कुंभाराने आपल्या खापराचा रंग ओळखला. एका म्हातारीला गोधडीच्या कोपऱ्यावर मेलेल्या लेकीचा टाका दिसला आणि ती तिथेच फरशीवर बसली. पाटलांना आपल्या पागोट्याची जर दिसली. दौलूतात्या बराच वेळ आपल्या घरात डोकावत राहिले आणि एकदम म्हणाले, "ही तर माझी चिलीम!"

"व्हय तात्या," हौसा म्हणाली. "तुमच्या घरातलं उखळ हाय आता ते."

पाटलांनी पारख करायची ठरवली. "माझ्या दगडी उंबऱ्यापासनं तुळशीच्या चौथऱ्यापर्यंत किती?"

हौसाने कनवटीचे चिंचोके काढले आणि फळीवर ओळीने मांडले. "चौदा चिंचोके. चौदा हात."

दहा जणांनी खाली जाऊन गाळ उपसला. संध्याकाळपर्यंत उंबऱ्याचा दगड लागला, मग चौथरा लागला. पाटलांनी स्वतः हाताने मोजलं. चौदा. कमी नाही, जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कर्त्या पुरुषांनी खंडोबापुढे बेल-भंडारा उचलला. बेल-भंडारा हातात घेऊन केलेली शपथ मोडली तर वंश बुडतो, अशी त्यांची पक्की समजूत. दुसरा आपली जागा लाटेल या भीतीने प्रत्येकाने शपथ आणखी आणखी घट्ट केली. शेवटी पाटील म्हणाले, "हौसाच्या गावात जे हाय तेच खरं. एक चिंचोका इकडचा तिकडं करायचा न्हाई." सगळे म्हणाले, "न्हाई." आत नीट बघायचं मात्र कोणाला सुचलं नाही. सगळ्यांचं लक्ष कुंपणावर होतं.

पहिलं घर पाटलांचं निघालं. गवंड्याने फळी शेजारी ठेवून सोपा बांधला, माजघर बांधलं आणि मागच्या भिंतीशी येऊन थांबला.

"पाटील, हितं खिडकी हाय."

"कसली खिडकी? बुजवून बांध."

"बुजवतो की. पण बेल-भंडारा तुम्हीच उचललाय. उद्या माझ्यावर नको." आणि त्याने ओळंबा खाली ठेवला.

पाटलांनी वाकून पाहिलं. मग दुसरं घर पाहिलं, तिसरं पाहिलं. सत्तावीस घरं पाहून होईपर्यंत त्यांच्या कपाळाची शीर उठली. गाव गोळा झालं. दौलूतात्यांनी मोजलं आणि ते किंचाळले, "तीन हात रुंद! रेडा आत यील त्यातनं!"

"अशी खिडकी नव्हतीच आमच्यात," पाटील गरजले. "ही बाई खोटी हाय. हिनं फसवलं!"

तेव्हा लोक पुन्हा फळ्यांकडे बघायला लागले. कारण हौसा खोटी, तर तिचं गाव खोटं. तिचं गाव खोटं, तर भावाभावांच्या काठ्या परत निघणार. आणि हौसा खोटी ठरली तर ती, भैरू, आंधळी तायाक्का आणि बनी पावसाळ्यात वेशीबाहेर जाणार, हेही सगळ्यांना कळत होतं. बनीचं आठवं सरायला दीड महिना उरला होता. ती आईचा पदर धरून उभी होती. हौसा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब गं, सुने. मी इचारते."

तायाक्का काठी टेकत पुढे आली. तिला वाट द्यायला लोक बाजूला झाले. तिने हात पुढे करून पाटलांचं बाहुलघर चाचपलं, मागच्या भिंतीशी तिची बोटं थांबली आणि तीन बोटं खिडकीतून आत गेली.

"बाजी," ती म्हणाली. गावात पाटलांना नुसतं बाजी म्हणणारी तीच उरली होती. "तुझ्या सैपाकघरात चुलीचं तोंड कुणीकडं होतं रे?"

पाटील गोंधळले. "हे काय इचारनं झालं?"

"सांग की. तुझंच घर."

"उगवतीला," पाटील म्हणाले.

बायकांच्या घोळक्यात खुसखुस झाली. पाटलीणबाई पदराआडून म्हणाल्या, "मावळतीला."

"दौलू, तू शाणा हायस. तुझ्या उतरंडीत मडकी किती?"

"पाच," दौलूतात्या म्हणाले.

"नऊ," त्यांची सून म्हणाली.

मग तायाक्काने एकेकाला विचारलं. जातं भिंतीपासून किती हात? शिंकं कुठल्या तुळईला? चुलीपाशी उभं राहिलं तर डोक्याला काय लागतं? सत्तावीस घरांच्या कर्त्या पुरुषांनी उत्तरं दिली आणि सत्तावीसही चुकले. प्रत्येक चुकीला बायकांचं हसू वाढत गेलं. शेवटी तर पोरीही हसायला लागल्या, आणि हसताना त्यांच्या आयांच्या लाल डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते धुराचं नव्हतं.

"चूल कुठं ते ठावं न्हाई, मडकी किती ते ठावं न्हाई," तायाक्का म्हणाली. "त्या खोलीत तुमी दिवसाउजेडी कधी पाय ठेवला न्हाई. मग खिडकी नव्हती हे तुमाला सांगितलं कुणी?"

पाटलांनी इकडेतिकडे पाहिलं. शेवटी ते आपल्या बायकोकडे वळले आणि जरा हळूच म्हणाले, "तूच सांग. खिडकी होती का न्हाई?"

पाटलीणबाईंनी फळीवरच्या त्या घराकडे पाहिलं, मग हौसाकडे पाहिलं, मग बनीकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले.

"डोळ्यांनी नीट दिसत न्हाई हो मला," त्या म्हणाल्या. "आधी बांधा. मग उजेडात बघून सांगते."

गवंडी इतका हसला की त्याची थापी गाळात पडली. मग त्याने ती उचलली, धुतली आणि पाटलांच्या मागच्या भिंतीत तीन हात रुंद आणि दोन हात उंच खिडकी सोडली. त्यानंतर उरलेल्या सव्वीस घरांत कोणी काही विचारलं नाही.

हौसाचं घर सर्वांत शेवटी झालं. त्या सकाळी चूल पेटली, धूर उठला आणि कोणीतरी हात धरून नेल्यासारखा सरळ खिडकीतून बाहेर गेला. तायाक्का चुलीपाशी बसली होती. तिने खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "उजाडलं का गं?" हौसा म्हणाली, "व्हय, आत्याबाई." तायाक्का म्हणाली, "मला दिसलं." मरेपर्यंत रोज सकाळी सूर्य किती वर आला ते ती बरोबर सांगायची, असं म्हणतात. आणि बनी नव्वद वर्षं जगली आणि शेवटच्या वर्षीसुद्धा सुईत दोरा स्वतः ओवायची, असंही म्हणतात.

हौसाला मरताना कोणी पाहिलं नाही. एका सकाळी ती घरात नव्हती, परसात नव्हती, नदीवर नव्हती. गावाने तीन दिवस शोधलं. चौथ्या दिवशी बनी देवळात गेली. तिथे हौसाच्या तीन फळ्या ठेवलेल्या होत्या. खालच्या आळीच्या शेवटच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, एक बोटभर बाहुली बसलेली होती. ती कोणी केली नव्हती. तिच्या लुगड्याची चिंधी गावातल्या कुठल्याच घरातली नव्हती. तिच्या मांडीवर एक चिंचोका होता. ती बाहुली आजही तिथेच आहे आणि कोणी हलवत नाही.

तेव्हापासून डोहगावात एक रीत आहे. कोणी नवं घर बांधायला काढलं की आधी त्या घरातल्या मुली टाकाऊ सामानाचं बाहुलघर करतात आणि गवंडी ते बघून बांधतो. भिंती उभ्या राहिल्या की आत चूल मांडतात, भांडी लावतात आणि खिडकीच्या जागेवर घोंगडी टांगतात. मग घरातला सर्वांत वडीलधारा पुरुष एकटा आत जातो. ओली लाकडं पेटवतो, एक भाकरी थापतो आणि भाजून होईपर्यंत तिथेच बसतो. बाहेर आला की मुली त्याला विचारतात. चुलीचं तोंड कुणीकडं? भांडी किती? जातं कुठं? चुकला तर परत आत, परत एक भाकरी. बरोबर सांगितलं तर तो स्वतः घोंगडी ओढून काढतो आणि खिडकीच्या ओल्या बुडात तीन हातांचे तीन चिंचोके दाबतो. याला आम्ही हौसाची भाकरी म्हणतो.

आता घरोघरी गॅस आला. जात्याऐवजी मिक्सर कुठे आहे ते विचारतात आणि मडक्यांऐवजी डबे मोजायला लावतात. दोन वर्षांपूर्वी आप्पा गुरवांचं घर निघालं. आप्पा म्हणाले, "पोरींनो, गॅस असताना चूल कसली पेटवताय? जुन्या रिती सोडा आता."

त्यांची नात म्हणाली, "सोडू की आप्पा. खिडकीला विटा लावायला सांगू?"

आप्पा आत गेले. पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि भाकरीचा कोळसा झाला होता. चुलीचं तोंड बरोबर सांगितलं, पण डबे अकरा म्हणाले. डबे बारा होते. परत आत गेले. दुसऱ्यांदा बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला. आल्यावर ते नुसते बारा म्हणाले. घोंगडी ओढून काढली, गुडघे टेकले आणि एक, दोन, तीन चिंचोके ओल्या सिमेंटात दाबले.

मग तसेच बसून त्यांनी हात पुढे केला.

"अजून एक द्या."

"चौथा कशाला, आप्पा?" गवंड्याने विचारलं.

आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. "चार हात कर," ते म्हणाले.

पोरींनी एकमेकींकडे बघितलं आणि चौथा चिंचोका त्यांच्या हातावर ठेवला.